‘लॉक्ड’ म्हणजे सोडून गेला का? रेडमाइनमधल्या एका रकान्याची चिकित्सा

सॉफ्टवेअर प्रकल्प, टीमवर्क, ऑनलाइन सहकार्य यांपैकी कशावरही पीएचडी करायचा विचार असेल, तर प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरचा डेटा कधी ना कधी तुमच्या हातात येणारच. कोणतं काम कधी नोंदवलं, कोणाकडे गेलं, किती तास लागले, कधी बंद झालं, हे सगळं तयार मिळतं. सोबत युजर्सचा एक तक्ता मिळतो आणि त्यात ‘स्टेटस’ नावाचा रकाना असतो. कोणी ॲक्टिव्ह, कोणी लॉक्ड. तो बघून नव्या संशोधकाला हमखास वाटतं की चला, कोण टिकलं आणि कोण सोडून गेलं हे आयतंच मिळालं.

आजचा लेख या रकान्यावर टीका करणारा आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: खात्याचं स्टेटस ही ॲडमिनने लॉगिनबद्दल घेतलेल्या निर्णयाची नोंद असते. माणूस टीममध्ये आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी या वेगवेगळ्या गोष्टी एका आकड्यात कोंबल्या, आणि संशोधन करणारे तो आकडा फारशी चौकशी न करता वापरतात. दोन्ही बाजूंची झाडाझडती घेऊ.

उदाहरणासाठी रेडमाइन घेऊया. रूबी ऑन रेल्सवर बांधलेलं हे सॉफ्टवेअर ज्याँ-फिलिप लँग यांनी २००६ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे नेमकं काय चालतं हे कोड उघडून वाचता येतं. स्वतःच्या सर्व्हरवर फुकट बसवता येत असल्यामुळे कंपन्यांत आणि प्रयोगशाळांत त्याचे डेटाबेस सापडतात. शिवाय २०११ मध्ये त्याच्यापासून चिलीप्रोजेक्ट वेगळं झालं आणि त्यातून पुढे ओपनप्रोजेक्ट आलं. त्यामुळे रेडमाइनची ही रचना समजली की त्याच्या भावकीतली सॉफ्टवेअरं समजायलाही सोपं जातं.

चार आकडे आणि त्यांचा खरा अर्थ

रेडमाइनच्या डेटाबेसमध्ये स्टेटस हा एक साधा पूर्णांक आहे. ० म्हणजे अनामिक, १ म्हणजे ॲक्टिव्ह, २ म्हणजे रजिस्टर्ड, ३ म्हणजे लॉक्ड. संपलं.

आता नावांकडे बघा. ‘रजिस्टर्ड’ म्हटल्यावर आपल्याला वाटतं, नोंदणी झालेले सगळेच. तसं नाही. ज्याने नोंदणीचा फॉर्म भरला पण ज्याचं खातं अजून सुरू झालेलं नाही, तो २ मध्ये. ईमेलमधली लिंक दाबायची राहिली असेल किंवा ॲडमिनने अजून मान्यता दिली नसेल. सर्व्हर इंटरनेटवर उघडा असेल तर या गटात स्पॅम पसरवणाऱ्यांनी उघडलेली खातीही भरपूर साचू शकतात. ‘आमच्या प्रकल्पात इतके नोंदणीकृत सदस्य’ असं लिहिताना २ चा आकडा उचललात, तर प्रत्यक्षात कधी आत न आलेल्यांची संख्या तुम्ही छापलेली असते.

१ आणि ३ ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण इथेच संशोधनाचे निष्कर्ष निघतात.

‘ॲक्टिव्ह’ मध्ये रोज काम करणारी माणसं असतातच. पण ॲडमिनने खातं उघडून दिलं आणि ज्याने एकदाही लॉगिन केलं नाही, तोही ॲक्टिव्हच. चाचणी चालवणारी स्क्रिप्ट वापरते ते खातंही ॲक्टिव्ह. सगळ्यात गमतीचा प्रकार एलडॅपचा. मोठ्या संस्थांत रेडमाइनचं लॉगिन संस्थेच्या मध्यवर्ती एलडॅप यादीला जोडलेलं असतं. कर्मचारी गेला की आयटी विभाग त्याचं नाव तिथून काढतो. त्या क्षणापासून तो रेडमाइनमध्येही शिरू शकत नाही. पण रेडमाइनच्या स्वतःच्या तक्त्यात त्याच्यासमोर १ तसाच राहतो, कारण तो बदलायला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणजे दार बंद, माणूस गेलेला आणि रकाना म्हणतो ॲक्टिव्ह.

आता ‘लॉक्ड’. राजीनामा दिलेला लॉक्ड. सहा महिन्यांच्या रजेवर असलेल्याचं खातं सुरक्षेसाठी बंद ठेवलं, तोही लॉक्ड. चुकून दोन खाती उघडली गेली म्हणून त्यातलं एक बंद केलं, तेही लॉक्ड. पासवर्ड चोरीला गेल्याचा संशय आला म्हणून दोन दिवसांसाठी थांबवलं, तेही. स्पॅम टाकणाराही लॉक्डच. या पाच जणांना एका रांगेत उभं करून तुम्ही ‘प्रकल्प सोडून गेलेले’ अशी पाटी लावली, तर त्या पाटीखाली खरं तर एकच जण बसतो.

शाळेच्या दाखल्यात जे असतं ते इथे नाही

या रचनेतली सगळ्यात मोठी उणीव कोणती, हे सांगायला आपल्या सगळ्यांच्या फायलीत असलेला एक कागद पुरेसा आहे: शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर शाळेत दाखल झाल्याची तारीख असते, शाळा सोडल्याची तारीख असते आणि शाळा सोडण्याचं कारण असतं. पटावरून नाव कमी करताना ‘केव्हा’ आणि ‘का’ हे लिहिल्याशिवाय मुख्याध्यापक सही करत नाहीत. कारणाच्या रकान्यात अनेकदा ठरावीक वाक्यच लिहिलेलं असतं हे खरं, पण निदान रकाना तरी असतो.

रेडमाइनच्या युजर तक्त्यात यातलं काय आहे? खातं उघडल्याची तारीख आहे. शेवटच्या लॉगिनची तारीख आहे. ‘नोंद शेवटची कधी बदलली’ ही तारीख आहे. लॉक केव्हा केलं, कोणी केलं, का केलं, यांसाठी रकाना नाही. आधीचं स्टेटस काय होतं याचा इतिहासही नाही. विरोधाभास बघा: एखाद्या इश्यूचं स्टेटस ‘नवीन’ वरून ‘चालू’ केलं तर रेडमाइन कोणी, कधी बदललं हे जर्नलमध्ये जपून ठेवतं. कामाच्या स्थितीला इतिहास आहे, पण काम करणाऱ्याच्या स्थितीला नाही.

काही जण यावर तोडगा म्हणून ‘नोंद शेवटची बदलली’ ही तारीख लॉकची तारीख समजून वापरायचा विचार करतात. करू नका. नाव दुरुस्त केलं, भाषा बदलली तरी ती तारीख पुढे सरकते. आणि एखाद्याचं खातं लॉक करून, पुन्हा उघडून, पुन्हा लॉक केलं असेल, तर आधीच्या फेरीचा मागमूसही या तक्त्यात उरत नाही.

शेवटच्या लॉगिनची तारीख त्यापेक्षा बरी, पण तिच्यावरही आंधळा विश्वास नको. रेडमाइनमध्ये ईमेलला उत्तर देऊन इश्यूवर टिप्पणी टाकण्याची सोय ॲडमिन सुरू करू शकतो. असं काम करणारा माणूस महिनोन्महिने वेबसाइटवर येत नाही, पण प्रकल्पात मात्र असतो.

एपीआय गुपचूप काय गाळतं

आता तुमच्या डेटा गोळा करण्याच्या टप्प्याकडे येऊ. रेडमाइनच्या एपीआयकडे युजर्सची यादी मागायला ॲडमिनचा अधिकार लागतो. समजा, तो मिळाला. तुम्ही साधी विनंती पाठवली की यादी येते, पण दस्तऐवजांप्रमाणे ती यादी आपोआप फक्त स्टेटस १ ची असते. लॉक्ड आणि रजिस्टर्ड हवे असतील तर तसं स्पष्ट मागावं लागतं. शिवाय एका वेळी ठरल्याप्रमाणे २५ नोंदीच येतात आणि जास्तीत जास्त १०० मागता येतात. कुठेही एरर नाही, इशारा नाही. उत्तर अगदी व्यवस्थित दिसतं.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणावर बघू. समजा एका प्रकल्पात पाच वर्षांत ४० जणांनी काम केलं आणि आज १५ खाती ॲक्टिव्ह आहेत. तुमच्याकडे १५ नावं आली. इश्यूंच्या तक्त्यात मात्र ४० जणांचे क्रमांक आहेत. दोन्ही तक्ते जोडताना तुम्ही इनर जॉइन वापरला, म्हणजे दोन्हीकडे सापडणाऱ्याच ओळी ठेवल्या. तिथेच २५ जणांचं सगळं काम गळून पडलं. उरलेल्या इश्यूंवर तुम्ही ‘काम बंद व्हायला सरासरी किती दिवस लागतात’ हे काढलं. पण ती सरासरी आता फक्त टिकून राहिलेल्यांची आहे. जे वैतागून गेले, ज्यांच्या वाट्याला रेंगाळलेली कामं आली, ते हिशेबातच नाहीत. आणि तुमचा निष्कर्ष: ‘या प्रकल्पात कामं वेळेवर होतात.’ परीक्षकाने विचारलं, ‘एकूण इश्यू किती होते आणि विश्लेषणात किती आले?’ तर उत्तर द्यायला हवं ना?

म्हणून एक सवय आत्ताच लावून घ्या. जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजा. फरक दिसला की तो कोणामुळे पडला, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डिलीट केलं की श्रेयही जातं

लॉक करण्यात निदान नाव तरी राहतं. जुन्या इश्यूंवर ‘नोंदवणार अमुक’ असं दिसत राहतं. डिलीट केलं की वेगळंच घडतं. रेडमाइनचा कोड वाचलात तर दिसेल: युजर पुसण्यापूर्वी त्याने नोंदवलेले इश्यू, टिप्पण्या, बातम्या, विकीवरचं लेखन आणि कामाच्या तासांच्या नोंदी हे सगळं ‘अनामिक’ या खात्याच्या नावावर चढवलं जातं. त्याच्याकडे सोपवलेले इश्यू कोणाकडेच सोपवलेले नाहीत असे होतात.

संशोधकाच्या दृष्टीने यात दोन अडचणी आहेत. पहिली तांत्रिक. लॉगिन न करता इश्यू टाकायची परवानगी प्रकल्पाने दिलेली असेल, तर अशा खऱ्या अनामिक नोंदीही त्याच खात्यावर असतात. बाहेरून आलेला अनोळखी वापरकर्ता आणि तीन वर्षं राबलेला सहकारी आता एकाच नावाखाली. तुम्ही ‘कोण कोणाशी संवाद साधतं’ असं जाळं काढलंत, तर मध्यभागी ‘अनामिक’ नावाचा एक महाकाय बिंदू दिसेल. जणू प्रकल्पातला सगळ्यात कर्तबगार माणूस तोच. प्रत्यक्षात तो माणूस नाही, ती गेलेल्यांच्या कामाची गोळाबेरीज आहे.

दुसरी अडचण माणसांची आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रकल्पात तात्पुरती आलेली माणसं, म्हणजे इंटर्न, कंत्राटी कर्मचारी, एमएस्सीचे विद्यार्थी. ‘कशाला यादी वाढवायची’ म्हणून खाती पुसायची ठरली तर पहिला नंबर यांचाच लागणार. कायमच्या माणसांची खाती पुसायला कोणी धजत नाही. म्हणजे नोंदी पुसल्या जाण्याची शक्यता सगळ्यांना सारखी नाही. ज्यांचं स्थान आधीच कच्चं, त्यांचंच काम अनामिक होतं. त्यावरून आपण ‘योगदान मोजणारा’ पेपर लिहिला, तर ती असमानता आकडेवारीच्या वेशात पुन्हा छापली जाते.

जेफ्री बोकर आणि सुझन ली स्टार यांचं ‘सॉर्टिंग थिंग्ज आउट’ हे १९९९ चं पुस्तक वर्गीकरणांचा अभ्यास करणाऱ्यांनी वाचायलाच हवं असं आहे. त्यांचा मुद्दा असा की प्रत्येक वर्गीकरण कोणाच्या तरी कामाच्या सोयीसाठी बनतं आणि त्यात काही गोष्टी दिसतात, काही अदृश्य होतात. त्यांनी रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीसारखी मोठी उदाहरणं घेतली. रेडमाइनचे चार आकडे त्यापुढे चिमुकले आहेत, पण तोच प्रश्न इथेही विचारता येतो: ही सोय कोणाची? उत्तर सरळ आहे, ॲडमिनची.

इतरांनी काय केलं

फक्त रेडमाइनला झोडपणं अन्यायाचं होईल, म्हणून तुलना करू.

बगझिला रेडमाइनपेक्षा जुनं, १९९८ पासूनचं. तिथे खातं बंद करायची पद्धत मजेशीर आहे. ॲडमिनने एका चौकटीत मजकूर लिहायचा. तो मजकूर म्हणजेच बंदी, आणि लॉगिन करू पाहणाऱ्याला तोच कारण म्हणून दिसतो. नुसती स्पेस टाकूनही काम भागतं, त्यामुळे शिस्त माणसावरच अवलंबून. पण कारण विचारणं हेच डिझाइनचा भाग आहे. खाती डिलीट करण्याची सोयही तिथे मुळात बंद ठेवलेली असते.

गिटलॅबने प्रकार वेगळे केले. ‘ब्लॉक’ केलेला ॲडमिनशिवाय परत येऊ शकत नाही. ‘डीॲक्टिव्हेट’ केलेला स्वतः पुन्हा लॉगिन करून परत येऊ शकतो. ‘बॅन’ वेगळं, मान्यतेची वाट बघणारा वेगळा. बऱ्याच दिवसांत न फिरकलेल्यांना आपोआप डीॲक्टिव्हेट करायची सोयही आहे आणि तिथे ठरलेली मुदत ९० दिवसांची आहे. संशोधनात ‘निष्क्रिय म्हणजे ९० दिवस’ अशी व्याख्या करण्याचा मोह होईल. पण डीॲक्टिव्हेट केलेला युजर लायसन्सची जागा अडवत नाही, ही या सोयीमागची व्यवहारी बाजू लक्षात घ्या. पैसे वाचवण्याची मुदत आणि माणूस प्रकल्प सोडून गेल्याचं लक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डिलीटच्या बाबतीत गिटलॅब आणि गिटहब दोघेही काम ‘घोस्ट’ नावाच्या खात्यावर टाकतात. ओपनप्रोजेक्टमध्ये पुसलेल्या युजरसाठी अनामिकापासून वेगळं खातं आहे. रेडमाइनच्या मानाने ही सुधारणा, कारण निदान ‘हा कोणीतरी होता’ एवढं कळतं. पण किती जण होते, हे तिथेही कळत नाही.

स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या जिरामध्ये नाव झाकण्याची सोय मला यांत सगळ्यात विचारपूर्वक केलेली वाटते. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र टोपणनाव मिळतं. नाव झाकलं जातं, पण एका माणसाचं काम एकाच माणसाचं राहतं. खाजगीपण आणि अभ्यास दोन्ही थोडेफार सांभाळले जातात.

रेडमाइनच्या बाजूने दोन शब्द

टीका करताना समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडावं. रेडमाइनची रचना करणाऱ्यांसमोर प्रश्न होता: या माणसाला आत येऊ द्यायचं का, आणि त्याला ईमेल पाठवायचे का? त्यासाठी तीन-चार आकडे पुरतात. लहान टीमला त्याहून जास्त नकोही असतं. आपल्या थीसिसची काळजी करणं हे त्यांचं काम नव्हतं.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर. ‘का गेला’ हे लिहून ठेवणं नेहमीच चांगलं असतं का? नोकरी सोडण्याचं कारण ही नाजूक माहिती आहे. आजारपण, भांडण, तक्रार, काहीही असू शकतं. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माहिती पुसून मागण्याचा हक्क मान्य करतो. संशोधनासाठी त्यात सूट आहे, पण अटी आहेत. त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाता कामा नये, ही त्यांतली महत्त्वाची अट. म्हणून मी असं म्हणणार नाही की सगळी कारणं सगळ्यांना दिसावीत. माझी मागणी छोटी आहे: स्टेटस बदलल्याची तारीख आपोआप नोंदवली जावी, तात्पुरतं आणि कायमचं वेगळं असावं, आणि डिलीट करताना अनामिकाऐवजी स्वतंत्र टोपणनाव द्यावं. यातल्या कशालाही कोणाचं गुपित उघडावं लागत नाही.

आणि आपण काय करायचं?

सॉफ्टवेअर बदलेल तेव्हा बदलेल. तुमचा प्रस्ताव मात्र याच सत्रात जाणार. म्हणून कामाच्या गोष्टी:

१. तीन प्रश्न वेगळे लिहा. त्याला लॉगिन करता येतं का? तो टीमचा सदस्य आहे का? तो प्रत्यक्ष काम करतोय का? स्टेटस पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतं, आणि एलडॅप असेल तर तेही अर्धवट.

२. ‘सोडून गेला’ याची व्याख्या कामावरून करा. शेवटची टिप्पणी, शेवटची तासांची नोंद, शेवटचा कमिट. मग ३०, ९० आणि १८० दिवस अशा तिन्ही मुदती लावून बघा. निष्कर्ष मुदतीप्रमाणे उलटत असेल, तर ते लपवू नका, लिहा.

३. ज्या दिवशी परवानगी मिळेल त्या दिवसापासून दर आठवड्याला युजर क्रमांक आणि स्टेटस एवढीच यादी, तिन्ही स्टेटस स्पष्ट मागून, साठवत जा. सॉफ्टवेअर इतिहास ठेवत नसेल तर तो तुम्हीच तयार करायचा. दोन वर्षांनी ही फाइल सोन्याची ठरेल.

४. ॲडमिनशी अर्धा तास बोला. खाती कधी लॉक करता? डिलीट करता का? कोणाची? त्याची उत्तरं कोणत्याही तक्त्यात नसतात. एथिक्स समितीच्या अर्जात या संवादाचा उल्लेख आधीच करून ठेवा.

५. ‘अनामिक’ आणि ‘घोस्ट’ यांना माणूस म्हणून मोजू नका. ती गहाळ माहिती आहे, तशीच नोंदवा आणि तिचं प्रमाण द्या.

हे सगळं अती सावध वाटत असेल तर एक जुना अभ्यास बघा. २०१३ साली किम हर्झिग, साशा युस्ट आणि आंद्रेआस झेलर यांनी पाच ओपन सोर्स प्रकल्पांतल्या ७,००० हून जास्त इश्यू नोंदी हाताने तपासल्या. ‘बग’ असं लेबल असलेल्यांपैकी ३३.८ टक्के चुकीच्या वर्गात होत्या. तोवर कितीतरी अभ्यास ‘बग’ या लेबलावर विसंबून झाले होते. युजर स्टेटसही असंच एक लेबल आहे, आणि ते तर एका माणसाने दुसऱ्या माणसावर लावलेलं असतं.

तुमच्या प्रस्तावातल्या पद्धतीच्या प्रकरणात ‘युजर स्टेटस’ हा शब्द येत असेल, तर त्याच्याखाली चार ओळींचा एक परिच्छेद टाका: हे स्टेटस कोण लावतं, कधी लावतं, इतिहास उपलब्ध आहे का, आणि किती नोंदी अनामिक आहेत. या चार ओळी लिहिता येत नसतील, तर तो रकाना विश्लेषणात घ्यायची वेळ अजून आलेली नाही असं समजा.